वीस नकोत, चार पुरेत
यादी बघितली तुझी. तीस दिवसांत वीस क्वीअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी (ट्रान्स) वगैरे पात्रांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचायच्या! अगं, बहुतेक आत्ताच खोडून टाक. या वाचनाच्या पहिल्या महिन्यात मीही असाच सपाटा लावला होता. शेवटी कोणत्या पुस्तकात कोण कोणाच्या प्रेमात पडलं, तेच आठवेना. चार पुरेत.

आधी एक बघून घे: ही प्रणयकथा आहे, की प्रेमाचा धागा असलेली कादंबरी? प्रणयकथेत शेवट गोड असतो, तो वाचकाशी झालेला करारच. क्वीअर कथांमध्ये तर त्याला जास्तच मोल. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४मध्ये लिहिली, दोन पुरुषांना सुखाचा शेवट दिला. पण ती छापून आली १९७१मध्ये, ते गेल्यावर. तेव्हा गोड शेवट दिसला की ‘हलकंफुलकं’ म्हणून नाक मुरडू नकोस.

चारही कथा पुरुषांच्याच नकोत. एक दोघी बायकांची, एखादी ट्रान्स पात्राचीही घे. पन्नास पानांत जीव रमला नाही तर खुशाल सोड.

आणि वहीत प्रत्येक पुस्तकाची एकच ओळ लिही: दोघं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कुठे बोलली? माझ्या वहीत एका ठिकाणी नुसतं ‘जिन्यात, छत्री मिटताना’ असं आहे. तेवढ्यावर अख्खं पुस्तक आठवतं.