सरकारने कांद्यात हात घालावा का? (उत्तर जरा लांबलंय)

भाऊ, २०२३ च्या निर्यातबंदीत तुमचा कंटेनर बंदराच्या दारात अडकला, निम्मा माल सडला, आणि आता पुन्हा धंदा उभा करण्याआधी तुम्ही विचारताय की सरकारने बाजारात हात घालायचा तरी किती. उत्तरही तुम्हीच देऊन टाकलंय: "अजिबात नको." त्या डिसेंबरात माझीही गाडी तसल्याच रांगेत उभी होती, म्हणून लिहायला बसलो. आयईसी (निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक), फायटो (माल रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला), शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद) हे तुम्हाला पाठ असणार, ते सोडतो.

आधी नुसता क्रम बघा. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने पाठवायचंच नाही. ८ डिसेंबरपासून थेट बंदी, म्हणे ३१ मार्चपर्यंत. मार्च आला तेव्हा तीच "पुढील आदेशापर्यंत" झाली. ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. वीस महिन्यांत एकाच मालाचा कायदा सात वेळा फिरला.

यातल्या एकेका निर्णयाचं समर्थन करता येईल. शहरात भाव चढले की होणारी ओरड खोटी नसते, आणि १९९८ ला दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याने पाडलं हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. शुल्क मला पटत नाही, पण हिशोबात बसतं. भाव काढताना धरतो, परवडलं तर पाठवतो, नाही तर इथेच विकतो. रात्रीतून आलेली बंदी कुठल्याच हिशोबात बसत नाही, कारण तोवर माल घेतलेला असतो, शेतकऱ्याचे पैसे चुकते केलेले असतात आणि समोरच्या गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असतो. म्हणून "किती" यावर भांडण्यात मला फार रस नाही. आधी सांगून घालता की न सांगता, एवढंच मी विचारतो. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भरसभेत हसत हसत म्हणाल्या की आचाऱ्याला सांगितलंय, जेवणात कांदा घालू नकोस. आणि पुढच्या वेळी जरा आधी कळवा. एका देशाच्या पंतप्रधानांची ही तक्रार, तर आम्हा खळेवाल्यांना (कांदा घेऊन निवडून-भरून पाठवणाऱ्यांना) कोण विचारतो?

आता माझं दुखणं. डिसेंबर २०२३ च्या बंदीच्या अधिसूचनेत सवलत होती. बंदीआधी बोटीत माल चढायला लागला असेल, किंवा शिपिंग बिल भरून बोट बंदरात आलेली असेल, किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात जाऊन त्यांच्या सिस्टिममध्ये नोंदला असेल, तर ५ जानेवारीपर्यंत पाठवता येईल. वाचायला सरळ. आमचा कंटेनर सीलबंद, शिपिंग बिल भरलेलं, गाडी मात्र गेटबाहेर. मग माल ताब्यात की ताब्याबाहेर?

हे सांगायचं काम एका कार्यालयाचं होतं. नाव लिहीत नाही, अजून तिथेच जावं लागतं. तिथल्या साहेबांनी सरळ नकार दिला असता तर मी हात जोडून निघालो असतो. नकारही दिला नाही. "वरून क्लॅरिफिकेशन मागवलंय." कोणाकडून, कधी येणार, यावर उत्तर नाही. दुसऱ्या खिडकीवर "आमच्याकडे फक्त गेटची नोंद, तुम्ही तिकडे विचारा," आणि तिकडे म्हणजे पुन्हा पहिली खिडकी. अर्ज दिला तर पोच देईनात. पोच दिली की उत्तर द्यावं लागतं ना!

डिसेंबरचा लाल कांदा म्हणजे पाण्याचा माल. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने टिकतो, तसं याचं नाही. रीफर (थंड कंटेनर) जनरेटरवर चालू, डिझेल आपलं, ट्रेलरचं डिटेन्शन (गाडी अडकून राहिल्याचा आकार) आपलं, कंटेनरचं भाडंही आपलंच. शेवटी कंटाळून गाडी परत फिरवली आणि दार उघडलं, तर खालच्या थरातून काळपट पाणी गळतंय आणि वरच्या गोण्यांच्या जाळीतून हिरवे मोड बाहेर आलेत. पहिल्याच दिवशी "जाणार नाही, घेऊन जा" एवढं कागदावर मिळालं असतं तर गाडी तशीच वाशीच्या घाऊक बाजारात टाकली असती, थोडा मार खाल्ला असता, विषय संपला असता. पण लेखी काही मिळेपर्यंत सगळ्यांचाच अडकलेला माल देशी बाजारात उतरला होता आणि काही आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्यावर आला होता. बंदीने जेवढं मारलं त्याहून जास्त त्या खिडकीने मारलं, हे मी आजही म्हणतो.

असं असूनही तुमचं "अजिबात नको" मला मान्य नाही. बाजार समितीत उघडा लिलाव होतो आणि चोवीस तासांत पैसे द्यायचा नियम आहे, म्हणून शेतकरी अनोळखी व्यापाऱ्यापुढेही ट्रॉली रिकामी करतो. तो नियम पाळण्यातही लोक पळवाटा काढतात, मान्य. पण शिवार खरेदीत (थेट शेतावरच्या सौद्यात) चेक देऊन गायब झालेले महाभाग आठवा, तिथे दाद मागायची कोणाकडे? आपला फायटोचा कागद परदेशात चालतो तोही सरकारी शिक्क्यामुळेच. सरकार शून्य झालं तर माझ्यासारखा मध्यम माणूस आधी बुडेल, मोठे तरतील.

हात घालायचाच तर कसा, याचा एक बरा नमुना २०२० च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातल्या दुरुस्तीत होता. (त्या वर्षीच्या तीन कृषी कायद्यांच्या बाकीच्या भांडणात मी पडत नाही, इथे तो विषय काढूही नका.) फळं-भाजीपाल्याचे किरकोळ भाव दुप्पट झाले तरच साठ्यावर मर्यादा लावता येईल, असा आकडा आधीच लिहून ठेवला होता. गंमत बघा, ती दुरुस्ती संसदेत मंजूर होत होती त्याच सप्टेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली, कारण निर्यात १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली येते आणि तिथे असला आकडाच नाही. पुढे ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची मर्यादा लागली. २५ टन म्हणजे एक मोठी गाडी. लिलावात दुपारपर्यंत एवढी खरेदी सहज होते, मग निवड-भरणी कुठे करायची? लिलाव बंद पडल्यावर खरेदीपासून तीन दिवसांची मुभा मिळाली. हेच आधी कोणा खळेवाल्याला विचारलं असतं तर?

बंदीपेक्षाही मला जास्त खुपते ती निवडक परवानगी. एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असताना गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वाट मिळाली. इकडे बोंब उठली तेव्हा सहा देशांसाठी ९९,१५० टनांचा आकडा आला. बंदी निदान सगळ्यांना सारखी बुडवते. कोटा आला की चकरा सुरू, आणि चकरा मारायची ताकद कोणाकडे असते हे सांगायला नको.

ग्राहकाला खरंच स्वस्त द्यायचं असेल तर मधल्या वाटेवर काम करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात कांद्यावर ग्राहकाने दिलेल्या रुपयातले ३६ पैसेच शेतकऱ्याला मिळतात असं निघालं. उरलेल्या ६४ पैशांत वाहतूक, सड, हमाली, नफा सगळं आलं. तिथे चांगल्या चाळी आणि साठवणीसाठी सरकारने पैसा ओतला तर मी टाळ्या वाजवीन. पण तो वेळखाऊ उद्योग, आणि अधिसूचना एका रात्रीत निघते.

तुमच्यासाठी दोन-चार गोष्टी. गेट-इनची (गाडी बंदराच्या गेटातून आत गेल्याची) वेळ छापलेला कागद गाडीवाल्याकडे न ठेवता लगेच स्वतःकडे मागवा. पोच देत नसतील तर तोच अर्ज तिथल्या तिथे ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही टाका. सरकारी बंदी आल्यास सौदा रद्द, हे कलम गिऱ्हाइकाच्या करारात घालून घ्या. घासाघीस करतील, पण ऐकतात. नेहमीच्या मरीन पॉलिसीत उशिराने झालेलं नुकसान धरत नाहीत, त्यामुळे विम्याच्या भरवशावर राहू नका. आणि भाव चढलेले असताना निवडणूक किंवा सणासुदीच्या तोंडावर लाल कांद्याचे कंटेनर एकदम भरू नका, एक निघाला की दुसरा. हा माझा अनुभव आहे, कायदेशीर सल्ला नाही. नियम बदलत राहतात, सीएचएला (आपल्या कस्टम्स एजंटला) आजची स्थिती विचारूनच पाऊल टाका.

तुमचा माल कुठला, लाल की उन्हाळ? आणि दुबईला पाठवताय की मलेशियाला? ते सांगा, म्हणजे भरणी आणि तापमानाचं सविस्तर लिहितो.