सोशल मीडियाच्या काळात स्वतःशी प्रामाणिक कसं राहायचं?

तुम्ही विचारलंय की सगळेच आपापलं छान छान तेवढं दाखवतात, तुम्हीही नकळत तेच करू लागलाय आणि आता स्वतःचंच प्रोफाइल परक्याचं वाटतं. तर अकाउंट बंद करावं का?

आधी एक अपराधी भावना काढून टाका. चारचौघांत बरं दिसावंसं वाटणं म्हणजे खोटेपणा नव्हे. साहेबांसमोर आपण वेगळे असतो, आजीसमोर वेगळे, आणि शाळेतल्या मित्रांत बसलो की तिसरेच. हे पूर्वीपासून चालत आलंय. फक्त पूर्वी हे तिघे एका वेळी समोर नसायचे. आता साहेब, आजी आणि शाळासोबती एकाच पोस्टखाली उभे असतात. डॅना बॉइड या अमेरिकी अभ्यासक बाईंनी यावर बरंच लिहिलंय. अशा वेळी आपण काय करतो, तर कुणालाच खटकणार नाही असं वाक्य शोधतो. 'काल मला फार भीती वाटली' हे टाइप केलेलं खोडतो आणि 'एक वेगळा अनुभव!' लिहून टाकतो. यात खोटं काहीच नाही, पण तुमचंही काही उरलेलं नाही. याला उपाय सोपा आहे: सगळ्यांसाठी लिहायचं सोडा. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून निवडक मित्रांपुरती स्टोरी टाकता येते. भीती वाटली हे तिथे लिहा. आणि घरातलं आजारपण, भांडणं कुणालाच सांगितली नाहीत तरी चालेल. झाकून ठेवणं आणि फसवणं यांत फरक आहे.

माझ्या मते खरी गोम आकड्यात आहे. फेसबुकवर लाइकचं बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आलं. त्याआधी एखादी गोष्ट आवडली हे कळवायला निदान दोन शब्द लिहावे लागायचे. बटण आलं आणि दाद मोजता येऊ लागली. मोजता आली की कालच्याशी आणि शेजारच्याशी तुलना आलीच. त्यातून बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय जास्त चिवट होते, हे मानसशास्त्रात फार जुनं निरीक्षण आहे. म्हणून पोस्ट टाकल्यावर आपण परत परत फोन उघडून बघतो.

हा आकडा माणसाला कसा वळण लावतो ते मी जवळून पाहिलंय. माझी एक मैत्रीण पक्ष्यांची रेखाटनं टाकायची. शाईची, बारीक रेषांची, चोचीखालचं पीससुद्धा सुटं दिसेल अशी. दाद बेताचीच असायची. मग एकदा तिनं चित्र काढतानाचा स्वतःचा फोटो टाकला आणि लाइकचा पाऊस पडला. पुढच्या वेळी फोटो मोठा, चित्र कोपऱ्यात. मग टेबलाची मांडणी, खिडकीतला उजेड, हातात पेन. 'आता चित्रं काढायची नाहीत' असं तिनं कधीच ठरवलं नव्हतं. बऱ्याच काळानं कुणीतरी एक चित्र मागितलं म्हणून तिनं पेन उघडलं, तर आतली शाई वाळून घट्ट झाली होती. तेच पेन फोटोत मात्र नियमित दिसत होतं.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा आहे. तुम्ही काय पोस्ट करता ते तपासत बसू नका, काय टाकायचं बंद केलंत ते शोधा. जुन्या पोस्टपर्यंत खाली जा. कुठले विषय गायब झाले? त्यातला रस खरंच संपला असेल तर प्रश्नच मिटला, माणूस बदलतोच. पण प्रतिसाद येईना म्हणून सुटलं असेल, तर तेच पुन्हा हातात घ्या, आणि काही दिवस कुणाला दाखवू नका.

मतांचंही तेच. काही घडलं की तासाभरात बाजू घ्यायची घाई होते आणि आपण आपल्या गटाची री ओढतो. 'माझं मत अजून झालेलं नाही' असं म्हणायची सोय या माध्यमांत जवळजवळ नाहीच; ती आपली आपण करून घ्यावी लागते. एक रात्र थांबून बघा. सकाळी त्यातल्या बऱ्याच पोस्ट लिहाव्याशाच वाटत नाहीत.

आणि हो, 'मी किती खरा आहे' हे दाखवणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. रडताना कॅमेरा नीट टेकवून ठेवणाऱ्याबद्दल मला शंका येते. क्रूर वाटेल, पण येते.

राहिला अकाउंटचा प्रश्न. एकदम बंद करायची गरज नाही. इन्स्टाग्राम आणि फेसबुकनं २०२१ मध्ये लाइकचे आकडे लपवायची सोय दिली. आधी ती वापरा. आकडा दिसेनासा झाल्यावरही काही टाकावंसं वाटलं, तर ते बहुधा तुमचं असेल. काहीच टाकावंसं वाटलं नाही, तर खुशाल बंद करा. फक्त 'मी सोशल मीडिया सोडतोय' अशी पोस्ट टाकू नका, नाहीतर तिला किती लाइक आले ते बघायला परत याल.