‘जमीन तर आहेच’ म्हणण्याआधी

पत्रात मला काकू म्हटलंयस, तेव्हा मी सरळ एकेरीवर येते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "मार्चमध्ये शेवटचा हप्ता गेला. बँकेचं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही दोघं किचनमध्ये उभे राहून रडलो. बावीस वर्षं, काकू!" हे वाचताना माझेही डोळे भरून आले. आमचं मॉर्टगेज फिटलं तेव्हा ह्यांनी देवापुढे पेढे ठेवले आणि मग त्या पत्राची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. परक्या देशात डोक्यावरचं छप्पर कर्जमुक्त होणं म्हणजे काय, ते आपल्यालाच कळतं. तुमचं दोघांचं मनापासून अभिनंदन.

आता तुझं पुढचं वाक्य. "दर महिन्याचे 1,140 पौंड आता मोकळे झालेत. तेच पाच वर्षं बाजूला टाकायचे आणि देवरुखजवळ सासऱ्यांच्या गावी आपलं स्वतःचं घर बांधायचं. जमीन तर आहेच, तो प्रश्न नाही."

मग दीड पान पडवीबद्दल. झोपाळा कुठे, तुळस कुठे, चिऱ्याची भिंत गिलावा न करता तशीच ठेवायची की नाही. सगळं वाचून मला छान वाटलं. पण जमिनीला तू एक ओळ दिलीस, आणि मला त्या एकाच ओळीवर बोलायचंय. बाकीच्या प्रश्नांना शेवटी चार शब्द देईन, रागावू नकोस.

पैशांचा तुझा हिशोब बरोबर आहे. पाच वर्षांत 68,400 पौंड. पौंड 110 रुपयांना धरला तरी 75 लाखांच्या वर. मोठी रक्कम आहे ती, तुमच्या घामाची आहे. आता मला सांग, इंग्लंडमधलं रेडिंगचं घर घेताना काय केलं होतंत? सॉलिसिटर नेमला. त्याने लँड रजिस्ट्रीतून टायटल काढलं, कौन्सिलचा सर्च केला, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी कुठून जातात तेही तपासलं. कित्येक आठवडे तुम्ही तळमळत बसलात, पण कागद हातात आल्याशिवाय पैसे हलवले नाहीत. आणि गावच्या घरासाठी कशावर विसंबलीस? तुझ्याच शब्दांत, "चुलतदीर म्हणाले, बांधा की बिनधास्त, आपलीच जागा आहे, कोण विचारतंय." मला याचा राग आला, खरंच आला. चुलतदिरांचा नाही, ते प्रेमानेच म्हणाले असतील. तुझा आला. तिकडे प्रत्येक पौंडामागे कागद मागणारी तू, इकडे 75 लाख एका फोनवर सोडायला निघालीस.

माझ्या थोरल्या दिरांची गोष्ट सांगते. सत्तावीस वर्षं मस्कतला काढली माणसाने. 1999 साली परत आले आणि चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावी घर काढलं. अक्षय्य तृतीयेला पाया खणला. जोतं झालं, भिंती लिंटेलपर्यंत आल्या, पावसाआधी स्लॅब टाकायचा म्हणून गवंडी घाई करत होते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चुलतभावाने कोर्टातून स्टे आणला. जागा सामाईक, वाटणी कधी झालेलीच नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. ह्यांच्या आजोबांपासून सगळे "तो आपला भाग, तो त्यांचा भाग" असं तोंडी म्हणत आले होते, एवढंच.

ते प्रकरण नऊ वर्षं चाललं. त्या नऊ वर्षांत भावजी चिपळूणला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. आम्ही दर सुट्टीत जायचो तेव्हा ते मला ती जागा दाखवायला न्यायचे. चिरे शेवाळाने काळे पडलेले, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या भोकातून पिंपळ वर आलेला. जाऊबाई दिवाळीत तिथे जाऊन बिनछपराच्या ओटीवरचा पाचोळा झाडायच्या आणि एक पणती लावून यायच्या. फणसाच्या लाकडाची दारं आधीच करून घेतली होती, ती शेजाऱ्यांच्या मांगरात ठेवलेली. शेवटी समेट होऊन ती बाहेर काढली तेव्हा वाळवीने आतून पोकळ केली होती. बोटाने दाबलं की बोट आत जायचं. भावजी तेव्हा काही बोलले नाहीत, त्या दारावर नुसता हात फिरवत राहिले.

म्हणून माझ्याकडे घराचं पत्र आलं की मी आधी सातबारा मागते.

तू लिहितेस, "आजोबांच्या नावची 23 गुंठे जागा आहे. आजोबा 1974 ला गेले. काका वारले, त्यांचे दोन मुलगे गावात असतात. दोन आत्या होत्या, पण त्यांची लग्नं झालीत, त्यांचा संबंध नाही."

शेवटचं वाक्य पुन्हा वाच. तू स्वतः कुणाची तरी मुलगी आहेस, लग्न झालेली. आजोबा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले, म्हणजे त्यांच्या मिळकतीत मुली तेव्हाही पहिल्या वर्गाच्या वारस होत्याच. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला, आणि 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. कुणाचा वाटा किती, हे वकील सांगेल. पण "संबंध नाही" हे साफ चूक आहे. तुझ्या पत्रावरून मी मोजलं: सासरे एक, काकू आणि त्यांचे दोन मुलगे मिळून तीन, डोंबिवलीच्या आत्या एक, वारलेल्या आत्यांची मुलं तीन. झाल्या आठ सह्या. तुझे सासरे 81 वर्षांचे आहेत. देव त्यांना शंभर वर्षं देवो, पण त्यांच्यानंतर हा आकडा वाढेल, कमी होणार नाही.

तुझ्या मनात आलं असेल, कुणी अडून बसलं तर त्याचा वाटा विकत घेऊ, आता पैसे आहेत. तेच जमत नाही. तुम्ही दोघं अनिवासी. जमीन शेतीची असेल तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली तुम्हाला ती विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते, ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी. म्हणजे तुमच्याकडे सरळ वाट एकच आहे: वारस म्हणून जे आहे ते नीट वाटून, मोजून, नावावर करून घेणं.

आज रात्रीच एक काम कर. महाभूमीच्या साइटवर 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, रेडिंगच्या सोफ्यावर बसून. सोबत आठ-अचा, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा काढ. आता ते नीट वाच. आजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे आजोबांनी ती जमीन घराच्या वतीने धरली होती, आणि त्यांच्या भावांचे वंशजही त्यात असू शकतात. ‘इतर अधिकार’ या रकान्यात आत्यांची नावं असू शकतात, कारण जुन्या काळी मुलींना तिथेच बसवून ठेवायचे. त्याच रकान्यात कुळाचं नाव किंवा गावच्या सोसायटीच्या जुन्या कर्जाचा बोजा निघाला तर तोही आधी मिटवावा लागेल. रेडिंगच्या घरावरचा बँकेचा बोजा उतरला म्हणून तू रडलीस ना, मग गावच्या जमिनीवर कुणाचा बोजा आहे ते तुला ठाऊक तरी आहे का?

मग जुने फेरफार. तलाठ्याकडे किंवा देवरुखला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकला मिळतात. कुणाचं नाव कधी लागलं, कधी गळलं, ते त्यात कळतं. काकांच्या वारसांची नोंद झालीच नसेल तर ती आधी. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर वाटणी. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे, किंवा सगळ्यांच्या सह्यांचं रजिस्टर केलेलं वाटणीपत्र. स्टॅम्पवर लिहून घरातच सह्या केलेला कागद चालेल असं कुणी म्हणालं तर हात जोड आणि उठून ये. मग भूमी अभिलेखची सरकारी मोजणी, खुणा, पोटहिस्सा आणि तुमच्या वाट्याचा स्वतंत्र सातबारा. बिनशेतीचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरण्याचा, प्रश्न त्यानंतर. जागा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल तर ते काम पुष्कळ सोपं झालंय, गावठाणातच असेल तर बिनशेती लागतच नाही, तिथे मालमत्ता पत्रक बघायचं.

या सगळ्याला दोन वर्षं धर. म्हणून तुझ्या पाच वर्षांच्या बेतातली पहिली दोन वर्षं कागदांची, आणि साठलेल्यातले पहिले पैसे वकील, मोजणी आणि तिकिटांचे. सिमेंटच्या एका पोत्याचाही विचार त्याआधी नको. आर्किटेक्टलासुद्धा तोवर भेटू नकोस. नकाशा हातात आला की माणूस घाई करतो, भावजींनी तेच केलं.

प्रत्येक वेळी जाता येणार नाही, कुलमुखत्यारपत्र द्यावं लागेल. ते ठरावीक कामापुरतंच दे, "सर्व अधिकार" असं मोघम लिहून नव्हे. विकण्याचा अधिकार त्यात नको. भारतीय उच्चायुक्तालयाकडून साक्षांकित करून पाठव, आणि ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिथलं मुद्रांक शुल्क भर. आमच्या ओळखीच्या एका घरात असा कागद वर्षभर ड्रॉवरमध्ये राहिला आणि ऐन मोजणीच्या दिवशी निरुपयोगी ठरला.

आता आत्यांबद्दल. हे कायद्याच्या पलीकडचं आहे आणि मला जास्त जवळचं. माझे बाबा 2003 साली आजारी पडले तेव्हा मी लांज्याला गेले होते. बाबांनी मला आणि भावाला काठी टेकत सगळी हद्द फिरवून दाखवली. इथे गडगा, इथे रायवळ आंबा, आंब्याच्या अलीकडचं आपलं, हा दगड सर्व्हेवाल्यांचा. भाऊ वहीत लिहीत होता. संध्याकाळी जेवणं झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, मला इथे घर बांधायचंय. तुझा हिस्सा आहे यात. तू काय म्हणशील तसं." मी दुसऱ्याच दिवशी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन हक्कसोड करून दिलं, आनंदाने. त्याने "ताईचा काय संबंध" म्हणून परस्पर बांधलं असतं तर? मी कोर्टात गेले नसते कदाचित. पण त्या घरात पाणीही प्याले नसते.

तुझ्या डोंबिवलीच्या आत्यांना कुणी विचारलंय का? पंचाहत्तरीच्या बाईला पाच गुंठे काय करायचेत, असं तुला वाटत असेल. त्यांना कदाचित काहीच नको असेल. किंवा त्या घरात आपलीही एक खोली असावी असं वाटत असेल, किंवा आपल्या मुलाला वाटा मिळावा असं. जे असेल ते त्यांनी सांगायचंय, तुम्ही ठरवायचं नाही. आणि सही हवी म्हणून जाऊ नका, आधी नुसतं भेटायला जा. तुझ्या नवऱ्याने जायला हवं, भाचा म्हणून. फोनवर हे बोलू नये.

सासऱ्यांनाही या डिसेंबरात जागेवर घेऊन जा. चालवत नसेल तर खुर्ची ने आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड कर. कुठला बांध कुणाचा, विहिरीवर कुणाची वहिवाट, पायवाट कुठून, हे आज त्या एका माणसाला माहीत आहे. माझे बाबा त्या फेरीनंतर आठ महिन्यांनी गेले. भावाची ती वही नसती तर मोजणीच्या दिवशी आम्ही कुठे उभं राहिलो असतो, कोण जाणे.

राहिलेले प्रश्न. पैसे एनआरईत, म्हणजे अनिवासींच्या रुपयांतल्या खात्यात ठेव. व्याज भारतात करमुक्त असलं तरी ब्रिटनमध्ये ते उत्पन्नात धरलं जातं, रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नकोस. सगळं एकदम रुपयांत बदलू नकोस, बांधकामाचे पैसे टप्प्याटप्प्यानेच लागतात. "ह्यांना पाच खोल्या हव्यात, मला दोन पुरे" यात मी तुझ्या बाजूने, कोकणच्या पावसात बंद घराच्या तीन जादा खोल्या सांभाळणं कठीण. मुलं येतील की नाही, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही, मुलांनाही नाही. चिऱ्याला गिलावा करू नकोस, पण छपराची पागोळी भिंतीपासून चांगली लांब पडू दे.

सातबारा काढलास की त्यावरची सगळी नावं, ‘इतर अधिकार’ मधलीसुद्धा, जशीच्या तशी मला लिहून पाठव. आणि आत्यांना भेटून आलात की त्या काय म्हणाल्या, ते आधी कळव.