स्टिल्टमधला १५ अँपिअरचा पॉइंट आणि इलेक्ट्रिक गाडी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घोडबंदर रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गाडी खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये. सोसायटीचा वायरमन म्हणतो, पंपरूमशेजारी १५ अँपिअरचा पॉइंट आहेच, त्यालाच लावा, काही होत नाही. सासरे म्हणतात, पावसाळ्यात रात्रभर गाडी चार्जिंगला लावून झोपायचं म्हणजे जिवाशी खेळ.

मी ऐरोलीत चार वर्षं घरीच चार्ज करतोय. सासऱ्यांची भीती रास्त आहे, फक्त ती वायरच्या चुकीच्या टोकाला आहे. सगळे गाडीत खुपसायच्या गनला घाबरतात. पण गन लागली की आधी चार्जर आणि गाडी यांचं आपसात बोलणं होतं, आणि सगळं जुळलं तरच चार्जरच्या डब्यातला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, वीज पुढे सोडतो. गन हातात असते तेव्हा तिच्या पिनांत २३० व्होल्ट नसतातच. भिंतीवरच्या सॉकेटला एवढी अक्कल नाही. तिथे स्विच चालू असेतोवर २३० व्होल्ट उभे असतात, आणि घोळ होतो तो तिथेच.

घरातला गीझर याच जातीच्या सॉकेटवर पंधरा-वीस मिनिटं चालतो. गाडी तेवढाच करंट सात-आठ तास सलग ओढते. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी प्लग काढायला गेलो तर निघेना. ओढून काढला तेव्हा न्यूट्रलची (करंट परत नेणाऱ्या वायरची) पिन काळी पडलेली, सॉकेटचं प्लास्टिक वितळून तिला चिकटलेलं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा खटका, मात्र पडला नव्हता. पडणार कसा? त्याच्या लेखी करंट ठरल्याएवढाच होता. लूज कॉन्टॅक्टमध्ये जेमतेम ०.१ ओहमचा विरोध धरा. १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याची छोटी सोल्डरिंग आयर्न रात्रभर सॉकेटच्या पोटात. आमच्याकडे कारणं दोन निघाली. खाडीच्या दमट, खारट हवेने पितळी पट्ट्या काळवंडल्या होत्या, आणि चार्जरचा जड डबा मी प्लगलाच लोंबकळत ठेवत होतो. त्या वजनाने प्लग रोज थोडा थोडा सैल होत गेला. आता डब्यासाठी भिंतीत वेगळा हूक आहे. दहा रुपयांचं काम!

म्हणून पंपरूमचा पॉइंट नकोच. त्याच्यामागे कोणती वायर आहे, ती कुठे कुठे जोडलेली आहे, हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय ते बिल सोसायटीच्या मीटरवर येईल आणि पुढच्या वार्षिक सभेत तुमच्या गाडीवर एक तास चर्चा होईल. मीटररूममधून, तुमच्या स्वतःच्या मीटरवरून, फक्त गाडीसाठी वेगळी लाइन ओढून घ्या. मध्ये एकही जोड नको. तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर १५ अँपिअरला पुरते. पुढे कधी ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा मोठा चार्जर) बसवायचा विचार असेल तर पार्किंगमधल्या एमसीबीच्या डबीपर्यंत आत्ताच १० ची टाका; पाइप पुन्हा ओढायची मजुरी आणि सोसायटीची परवानगी वायरपेक्षा महाग पडते.

पण खरंच ७.२ हवाय का? तुम्ही रोज साधारण ६० किलोमीटर जाऊन येता असं लिहिलंय. युनिटला सात किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधली गळती मोजली तरी दहा युनिट झाली. १० अँपिअरवर ती साडेचार तासांत भरतात. रात्री अकराला लावली तर पहाटे चारच्या आत काम झालं. आणि १५ वरून १० अँपिअरवर आलं की सॉकेटमधली उष्णता निम्म्याहूनही कमी होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते-घटते. गाडीत किंवा चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर मी डोळे झाकून १० ठेवीन. त्या ७.२ च्या, म्हणजे ३२ अँपिअरच्या, बॉक्सचं शोरूमवाले फार कौतुक करतात. पण तो एकटाच ७ किलोवॅट खातो. तुमचा मंजूर भार ५ किलोवॅट असेल तर आधी महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागेल.

आता अर्थिंग. इथे थोडं थांबते गाडी, आणि थांबलीच पाहिजे. जुन्या इमारतींत अर्थची वायर सॉकेटपर्यंत आलेलीच नसते, किंवा खालचा खड्डा कोरडा ठणठणीत असतो. मग चार्जर लाल दिवा लावून अडून बसतो. यावर काही वायरमन जी युक्ती करतात ती ऐकून ठेवा: सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा एक तुकडा टाकतात. दिवा हिरवा होतो, वायरमन पैसे घेऊन जातो. पुढे कधी न्यूट्रल कुठेतरी तुटला तर तोच तुकडा २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर आणून ठेवतो. गाडी रबरी टायरवर उभी, फरशी ओली, आणि दाराला हात लावणारा माणूस अनवाणी. असा तुकडा टाकायला कुणी सुचवलं तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. अर्थिंग नसेल तर नवा अर्थ पिट करून घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट दिसले म्हणजे बरं चाललंय, पण अगदी शून्य दिसलं तर खूश होऊ नका; सॉकेट उघडून तो तुकडा नाही ना ते पाहा.

एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइन तोडणारी) हवी, आणि ती ‘ए’ टाइपची. दुकानात स्वस्तातली सहसा ‘एसी’ टाइपची मिळते. गाडीच्या चार्जरमधून डीसी स्वरूपाची गळती झाली तर ही ‘एसी’वाली आंधळी होऊ शकते. आरसीसीबीच्या अंगावर नुसती एक लहर काढलेली असेल तर ‘एसी’, लहरीखाली अर्ध्या लहरींची दुसरी खूण असेल तर ‘ए’. चार्जरच्या डब्यातही स्वतःचं संरक्षण असतं, पण ते डब्याच्या पुढचं. भिंत ते डबा हा भाग आरसीसीबीच सांभाळते. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा.

एक्स्टेंशन बोर्ड नाही म्हणजे नाही, गुंडाळलेल्या वायरवाला तर नाहीच. सॉकेट कमरेच्या वर घ्या, झाकणाचं. स्टिल्टमध्ये पाणी शिरायला लागलं तर आधी मीटररूममधून लाइन बंद, मग प्लग. सासऱ्यांना एवढं सांगा की पावसात गनला हात लावायला हरकत नाही, ओल्या हाताने भिंतीवरच्या प्लगला मात्र लावू नये.

बिलाचं म्हणाल तर महिन्याला अडीचशे युनिट वाढली की घरगुती स्लॅब वर सरकतो. गाडीसाठी वेगळा मीटर घेता येतो आणि त्याला हा स्लॅब लागत नाही. आधी दोन-तीन बिलं बघा, मग ठरवा.

काम झालं की वायरमनला लगेच सोडू नका. गाडी लावा, त्याला चहा द्या, तासाभराने त्याच्याच हाताने प्लग चाचपायला लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर त्याच्यासमोरच सॉकेट उघडून घ्या.