मामाची गिटार घेण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा क्लास सुटल्यावर तू कॅम्पातल्या दुकानात विकायला आलेल्या त्या गिटारचा फोटो मला दाखवलास, तेव्हा तुझा हात थरथरत होता. बाकीची मुलं होती म्हणून मी "घाई करू नकोस" एवढंच म्हणालो. तेवढ्यानं भागणार नाही.

आजीच्या दुखण्यात मामानं विकलेली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे आपली स्ट्रॅट ही इलेक्ट्रिक गिटार, ती हीच, असं तू म्हणतेस. असेलही. पण विकणाऱ्यानं तसा दावा केलेला नाही, तो तू करते आहेस. मला काळजी वाटते ती याचीच.

1996 साली एका रविवारी जुन्या बाजारात मला माझ्या गुरुजींची गिटार दिसली. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. तोच रंग, खालच्या कडेला तसाच टवका. मी तिथंच रडलो आणि तो माणूस म्हणाला तेवढे पैसे मोजले. दोन वर्षांनी गुरुजींच्या मुलीनं एक जुना फोटो दिला. फोटोतल्या गिटारचं हेडस्टॉक, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचं डोकं, लहान होतं, माझ्या घरातलीचं मोठं. 1965 च्या अखेरीस फेंडरनं स्ट्रॅटचं हेडस्टॉक मोठं केलं, हे मला पाठ होतं. तरी त्या दिवशी मी तिकडे पाहिलंच नाही. ती गिटार माझ्याकडे अजून आहे, पण तिच्यावर मी गुरुजींनी शिकवलेलं काही वाजवू शकत नाही.

म्हणून आधी ओळख पटव. तुझं नशीब चांगलं आहे, कारण मामाची गिटार रंगवलेली नव्हती. नैसर्गिक फिनिशमध्ये अ‍ॅश लाकडाच्या रेषा दिसतात, आणि दोन बॉडींवरच्या रेषा कधी सारख्या नसतात. आईकडचा गणपतीच्या ऑर्केस्ट्राचा फोटो चांगल्या स्कॅनरवर मोठा करून घे. पिकगार्डच्या, म्हणजे बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या, कडेपाशी आणि तारा बॉडीवर टेकतात त्या ब्रिजच्या मागे रेषा कशा वळतात ते कागदावर काढ, मग कॅम्पातली गिटार त्या कागदाशी ताडून बघ. गिटार आधी बघून मग फोटोकडे वळलीस, तर डोळे तुला हवं तेच दाखवतील.

पुढची तपासणी विकणाऱ्याच्या परवानगीनं आणि त्याच्यासमोर करायची. तारा सैल करून नेक, म्हणजे गिटारची लांब मान, उतरवायची. तुझ्या सांगण्याप्रमाणे गिटार सत्तरच्या दशकातली असेल, तर नेक जिथं बॉडीला जोडलेली असते तिथल्या मागच्या धातूच्या पट्टीवर चारऐवजी तीन स्क्रू दिसायला हवेत. 1971 च्या अखेरीपासून 1981 पर्यंत तशीच पद्धत होती. नेकच्या बुडाशी बहुधा तारखेचा शिक्का सापडतो. पिकगार्डखालच्या पॉटवर, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावर, 137 नं सुरू होणारा आकडा असला, तर ते सीटीएस कंपनीचं. पुढचे दोन आकडे वर्षाचे, त्यापुढचे दोन आठवड्याचे. 1377432 म्हणजे 1974 चा बत्तिसावा आठवडा. पॉट नंतर बदललेलं असू शकतं, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नकोस.

स्ट्रॅटची नेक स्क्रूंवर असते, त्यामुळे चाळीस वर्षांत बॉडी एकीची आणि नेक दुसरीची होऊ शकते. तसं निघालं तर? माझ्या मते नेक मामाची असेल तर गिटार मामाची. बॉडी त्यानं छातीशी धरली, पण हात नेकवर फिरला.

आई म्हणते ना, मामा स्विच "अर्धवट अडकवून" वाजवायचा? स्ट्रॅटवर तारांखाली आवाज पकडणारे तीन पिकअप असतात, आणि त्यातला कुठला वाजेल ते स्विच ठरवतो. 1977 पर्यंत स्ट्रॅटला तीन जागांचा स्विच यायचा, आणि वाजवणारे तो मुद्दाम दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत. आईला ऐकवताना तोच सूर काढ. मात्र आईला पहिल्याच भेटीत नेऊ नकोस. आणि दुकानदाराला मामाची गोष्ट सांगू नकोस. तो वाईट आहे म्हणून नव्हे, भाव वाद्याचाच ठरायला हवा म्हणून.

वाद्य म्हणून बघताना तापकीर गल्लीतून एक साधा मल्टिमीटर घे. केबल लावून एकेक पिकअप मोज. पाच-सहा किलोओहम दिसले तर ठीक, काहीच दिसलं नाही तर आतली केसाहून बारीक तार तुटलेली असू शकते. ती नव्यानं गुंडाळून मिळते, पण किंमत कमी व्हायला हवी. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, दाबून मधल्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघ, पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. अ‍ॅम्पचं अर्थिंग तपासल्याशिवाय तारांना हात लावायचा नाही. यात मी काहीही ऐकणार नाही.

ती मामाचीच निघाली तर सीरियल नंबर लिहिलेली पावती घे आणि घरी येऊन काहीही करू नकोस. पॉलिश नको, फ्रेटही लगेच बदलू नकोस. बोटं ज्यावर पडतात त्या मेपल लाकडाच्या फिंगरबोर्डवर लॅकर, म्हणजे चकचकीत थर, असतं. वर्षानुवर्षं बोटं पडली की ते झिजतं, आणि खालचं लाकूड घामानं काळवंडतं. फ्रेट बदलताना कारागीर सहसा बोर्ड घासून नवीन लॅकर मारतात, मग ते डाग गेले. तुला तेच वाचायचे आहेत. कुठल्या पट्ट्यांत तो जास्त रमायचा, कुठल्या तारेवर तान ओढायचा, हे त्यानं कुणाला सांगितलं नसेल, पण तिथं उमटलेलं असेल.

आणि दुसरीच निघाली, तर त्या दिवशी काही ठरवू नकोस. दुकानातून बाहेर ये आणि मला फोन कर.

शनिवारी सकाळी दहाला मी मोकळा आहे. स्टार स्क्रूड्रायव्हर मी आणतो, तू तो कागद आण.

तुझे सर