1 नोव्हेंबरच्या सुट्टीत काळ्या दिनाच्या फेरीजवळ दिसलो म्हणून नोटीस आली. ड्युटीबाहेरच्या वागण्यावर कारवाई होते का?

होते, सर. पण तुमच्या बाबतीत ती कुठवर जाईल हे बरंचसं तुम्ही उत्तरात काय लिहून देता त्यावर ठरणार आहे. म्हणून आज घाईने काहीही लिहून देऊ नका.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत तुम्ही शिक्षक. सकाळी शाळेत राज्योत्सवाचं, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाचं झेंडावंदन केलंत, मुलांना खाऊ वाटलात, मग बस धरून बेळगावला आलात. मराठा मंदिरापाशी काळ्या दिनाची, म्हणजे हा मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची फेरी पोचत होती, तिथे ओळखीची माणसं भेटली, थांबलात. कुणीतरी फोटो काढून बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला पाठवला आणि आता ‘कारण केळी’, म्हणजे कारणे दाखवा नोटीस हातात आहे. हेडमास्तर म्हणतात, तप्पोप्पिगे (चुकीची कबुली) लिहून द्या, विषय मिटेल.

नेमकं तेच करू नका. मी बेळगाव जिल्ह्यातल्याच एका सरकारी ऑफिसात बावीस वर्षं एस्टॅब्लिशमेंटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या फायली सांभाळणाऱ्या टेबलावर होतो. असल्या नोटिसा मी टाइप केल्या आहेत, त्यांची उत्तरं फायलीला लावली आहेत. माणूस गेला कुठे, केलं काय, यावर शिक्षा झालेली मी थोडी पाहिली. ‘माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, क्षमा असावी’ या तीन वाक्यांवर झालेली पुष्कळ पाहिली. तप्पोप्पिगे म्हणजे गुन्हा कबूल. एकदा कबुली आली की चौकशीत सिद्ध करायला उरतं काय? साहेब बदलतो, तो कागद मात्र फायलीत तसाच राहतो.

आता नियमाचं. आपल्याला लागू होतात ते कर्नाटकाचे वर्तणूक नियम. पूर्वी 1966 चे होते, 2021 पासून नवे आले. ‘सरकारी नोकराला न शोभणारं वर्तन करू नये’ हे वाक्य जुन्यातही होतं. त्याला घड्याळ नाही. साडेचारला घंटा झाली म्हणून ते थांबत नाही. शिवाय कितीतरी निव्वळ घरगुती गोष्टी नियमांत नाव घेऊन लिहिलेल्या असतात: पहिली बायको असताना दुसरं लग्न, हुंडा, सार्वजनिक जागी पिऊन झिंगणं, डोक्यावर कायमचं कर्ज करून ठेवणं, न कळवता जमीन घेणं. दुसऱ्या लग्नापायी उत्तर प्रदेशातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याची नोकरी गेली, तेव्हा 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. तेव्हा ‘माझं खासगी आयुष्य’ हा बचाव एकट्याने फारसा टिकत नाही.

तुमच्या प्रकरणात कळीचा नियम वेगळा आहे, राजकारणाचा. सरकारी नोकराला राजकीय पक्षाचा किंवा राजकारणात भाग घेणाऱ्या संघटनेचा सभासद होता येत नाही, तिच्या कामात हातभार लावता येत नाही. आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून तो दिवस इथल्या मराठी माणसाला घरातल्या सुतकासारखा आहे, त्याला कुणी राजकारण म्हणत नाही. पण फेरी काढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती विधानसभेच्या निवडणुका लढवते. कागदावर ती राजकारणात भाग घेणारी संघटनाच ठरते. तुम्हाला पटो न पटो, उत्तर लिहिताना हे डोळ्यांसमोर हवं. ‘हा आमच्या अस्मितेचा प्रश्न आहे’ असं लिहिलंत तर समोरचा कारकून खूश होईल, त्याचं काम तुम्हीच केलेलं असेल.

मग यातून सुटायचं कशावर? हजर असणं आणि भाग घेणं यांतल्या फरकावर. त्रिपुरात मत्स्य विभागातल्या एका कर्मचारी बाईंना निवृत्तीला मोजके दिवस उरले असताना निलंबित केलं होतं. आरोप दोन: राजकीय सभेला गेल्या आणि फेसबुकवर राजकीय मजकूर टाकला. 2020 च्या जानेवारीत तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं, सभेला हजर राहणं म्हणजे सभेत भाग घेणं नव्हे, आणि सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचा बोलण्याचा हक्क जात नाही. हा निकाल कर्नाटकावर बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. त्याच्या कितीतरी आधी, 1962 मध्ये, बिहारच्या नियमातली ‘कसलंही निदर्शन करू नये’ ही सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. संपाचा हक्क मात्र तेव्हाही मान्य केला नाही. कर्नाटकातलं ताजं म्हणजे रायचूर जिल्ह्यातल्या एका पीडीओचं (पंचायत विकास अधिकाऱ्याचं). संघाच्या पथसंचलनात गेल्याबद्दल त्याला 2025 च्या ऑक्टोबरात निलंबित केलं आणि त्याच महिन्यात केएटीने, म्हणजे कर्नाटक प्रशासकीय न्यायाधिकरणाने, त्या आदेशाला स्थगिती दिली. संघ आणि समिती यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, पण नियम एकच.

तेव्हा फोटो नीट बघा, अगदी मोठा करून. दंडावर काळी फीत आहे का? हातात फलक, झेंडा? तोंड उघडं, मूठ वर? यातलं काही असेल तर ‘मी बघत उभा होतो’ लिहू नका, खोटं पडेल आणि ते मूळ आरोपापेक्षा महाग जाईल. नुसते कडेला उभे असाल तर तेवढंच लिहा: अमुक वाजता शाळेतलं झेंडावंदन संपलं, सुट्टी होती, वैयक्तिक कामासाठी बेळगावला आलो, रस्त्यात थांबलो, कोणत्याही संघटनेचा सभासद नाही, घोषणा दिल्या नाहीत. हे सगळं खरं असेल तरच. शाळेच्या हजेरीची आणि कार्यक्रमाच्या फोटोची प्रत जोडा. तुमचा हा मुद्दा सोन्यासारखा आहे, कारण 1 नोव्हेंबर सुट्टी असली तरी झेंडावंदनाला हजर राहणं ड्युटीच. त्याला दांडी मारून फेरीत गेलेल्यांवर दोन आरोप लागतात, आणि त्यातला गैरहजेरीचा चुकवता येत नाही.

फेरीला पोलिसांची परवानगी होती का, हेही बघून ठेवा. अलीकडे ती नाकारतात, फेरी निघतेच, आणि मग गुन्हे नोंदवले जातात. एफआयआरमध्ये तुमचं नाव असेल तर गोष्ट बदलली, मग आधी वकील गाठा. ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडलं तर वेगळं. अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिलं तर माणूस आपोआप निलंबित धरला जातो.

आणि स्टेटस! व्हॉट्सअॅपवर काय ठेवलं होतंत त्या दिवशी? 2023 च्या मे महिन्यात होसदुर्ग तालुक्यातल्या एका शिक्षकाला राज्याच्या कर्जाबद्दल समाजमाध्यमावर टाकलेल्या मजकुरावरून निलंबित केलं होतं. तो ना कुठल्या मोर्चात गेला होता, ना सभेत. आता घाबरून जुनं काही पुसत बसू नका, ज्याने स्क्रीनशॉट काढायचा त्याने काढला असेल. नवं मात्र काही टाकू नका.

उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं, असं विचारलंय तुम्ही. संविधानाचं 350 वं कलम गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क देतं, हे मला ठाऊक आहे. तरीही कन्नडमध्येच द्या. तुम्ही कन्नडची परीक्षा पास होऊन नोकरीत आहात, आणि भाषेचं दुसरं भांडण या फायलीत नको. ज्याचं कन्नड चांगलं आहे अशा माणसाकडून मसुदा घ्या, पण प्रत्येक शब्द समजल्याशिवाय सही करू नका. ‘क्षमिसि’ (क्षमा करा) कुठे घुसलंय का ते तपासा. टपाल शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. नोटिशीतली मुदत पाळा. अपुरी वाटली तर मुदत संपायच्या आत लेखी वाढ मागा.

पुढे काय होऊ शकतं? बहुतेक ताकीद आणि दप्तरजमा. किरकोळ शिक्षा द्यायची तरी तुमचं म्हणणं घ्यावंच लागतं. बडतर्फी किंवा पदावनतीसाठी आरोपपत्र आणि रीतसर चौकशी लागते, 311 व्या कलमाचं ते संरक्षण आहे. निलंबन झालंच तर ती शिक्षा नव्हे, पण निम्म्याच्या आसपास पगारावर घर चालवायचं म्हणजे शिक्षेला वेगळं नाव काय द्यायचं! त्याविरुद्ध केएटीत जाता येतं, खंडपीठ बेळगावातच आहे. बदलीचं मात्र मी काही सांगत नाही. ती कुठल्याच नियमात शिक्षा म्हणून लिहिलेली नसते आणि सगळ्यांना कळते.

हे सगळं मी नुसतं टेबलामागून सांगत नाही. माझा धाकटा भाऊ समितीतर्फे जिल्हा पंचायतीला उभा राहिला होता, तेव्हा मलाच नोटीस आली की तुम्ही भावाला का रोखलं नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नोटिसा टाइप केलेला मी, हात थरथरत होते. नियम काढून वाचला. सरकार उलथवायच्या चळवळीपासून घरच्यांना परावृत्त करावं असं त्यात होतं. निवडणूक लढवणं म्हणजे सरकार उलथवणं नव्हे, भाऊ वेगळा राहतो, त्याच्या प्रचाराला मी गेलो नाही. चार ओळींत एवढंच लिहिलं, क्षमा मागितली नाही. आठ महिन्यांनी फाईल बंद झाली. त्या आठ महिन्यांत माझं प्रमोशन अडकलं, माझ्यानंतर लागलेला माझ्या वर बसला. भाऊ पडला ते वेगळंच, डिपॉझिट मात्र वाचलं.