वाचकांचे प्रश्न : धावताना लागणारा दम

या सदरासाठी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे नव्याने धावू लागलेल्या वाचकांची असून, पाय चालतात पण दम पुरत नाही, ही तक्रार त्यांत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलेली आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी जुळे सोलापूर भागात राहतो. सकाळी धर्मवीर संभाजी तलावाच्या बाजूला धावायला जातो, पण तीन-चारशे मीटर होत नाहीत तोच धाप लागते आणि थांबावे लागते. मला कोणतेही व्यसन नाही. माझी फुप्फुसे कमकुवत आहेत का? प्राणायाम वाढवला तर दम वाढेल का?

उत्तर : तुमच्या पत्रात आजाराचे एकही लक्षण नाही. तुम्ही तुमच्या आजच्या तयारीच्या मानाने फार वेगाने धावत आहात, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

धाप लागली की शरीरातला ऑक्सिजन संपला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण धावताना फारसे उतरत नाही. श्वास घेण्याची निकड निर्माण होते ती मुख्यतः रक्तात वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि आम्लतेमुळे. वेग वाढला की पायांच्या स्नायूंना लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होण्याचा दर अपुरा पडतो, उरलेली ऊर्जा स्नायू दुसऱ्या मार्गाने मिळवतात, त्यातून आम्लता वाढते, ती आटोक्यात ठेवताना आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी मेंदू श्वासाचा वेग वाढवतो. म्हणजे धाप हा वेगाचा परिणाम आहे आणि तिच्यावरचा पहिला उपायही वेग कमी करणे हाच आहे.

फुप्फुसांची क्षमता आपण समजतो त्याहून बरीच मोठी असते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. तोच निरोगी माणूस जीव तोडून धावताना शंभर लिटरच्या पुढे जाऊ शकतो. बहुतेक नवख्यांची मर्यादा फुप्फुसांत नसून, हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलते आणि स्नायू त्यातील ऑक्सिजन किती वापरू शकतात, यांत असते. नियमित सरावाने या दोन्ही गोष्टी बदलतात, मात्र त्यांचा वेग सारखा नसतो. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढू लागते, म्हणून सुरुवातीला झटपट फरक जाणवतो. स्नायूंतील केशवाहिन्या आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढायला अनेक आठवडे लागतात. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे बळकट व्हायला तर महिने लागतात. दम सुधारला म्हणून दुसऱ्याच महिन्यात अंतर दुप्पट करणाऱ्यांच्या नडग्या का दुखू लागतात, याचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

आता करायचे काय? आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती ठेवून बाहेर पडा. आधी दहा मिनिटे भरभर चाला. नंतर एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा करा. हे सहज जमू लागले की धावण्याचा भाग वाढवा आणि चालण्याचा कमी करा. एखादा आठवडा जड गेला तर तोच आठवडा पुन्हा करावा. बहुतेकांना दोन ते तीन महिन्यांत पंचवीस-तीस मिनिटे सलग धावता येते. मध्ये चालणे हा कमीपणा नाही. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी धावणे आणि चालणे आलटून पालटून करण्याची पद्धत १९७०च्या दशकापासून शिकवली आणि तिच्या आधारे असंख्य साध्या माणसांनी मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत.

वेग ठरवण्यासाठी घड्याळापेक्षा जीभ बरी. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दोन-दोन शब्दांनंतर श्वास तुटू लागला तर वेग जास्त आहे. सोलापुरात सकाळी बोलायला माणूस मिळत नाही, अशी अडचण सहसा येत नाही. २२० मधून वय वजा करून हृदयाचे कमाल ठोके काढण्याचे सूत्र तुम्ही ऐकले असेल; ते सरासरीचे सूत्र आहे आणि एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते. या बोलण्याच्या कसोटीत तुमचा वेग चालण्याइतका मंद निघाला, तरी संकोच करू नका.

प्राणायाम अवश्य करा. त्याने श्वासावर लक्ष राहते, श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांमधील श्वासाच्या स्नायूचा, वापर सुधारतो आणि मन स्थिर होते. परंतु हृदयाला आणि पायांच्या स्नायूंना जे शिकायचे आहे, ते ते बसून शिकत नाहीत. धावायला निघण्याच्या अगदी आधी जोरजोरात कपालभाती मात्र टाळावी, कारण काहींना त्याने गरगरते.

प्रश्न : नाकाने श्वास घ्यावा की तोंडाने? किती पावलांना एक श्वास घ्यावा? माझे मित्र वेगवेगळे सांगतात.

उत्तर : मित्रांना वाद घालू द्या. अगदी हळू धावताना नाकाने भागते. वेग वाढला की नाकाची वाट अरुंद पडते आणि तोंड आपोआप उघडते. त्याला अडवू नये. धुळीच्या रस्त्यावर किंवा थंडीच्या कोरड्या हवेत नाकाचा वापर जितका जास्त तितका बरा, कारण नाक हवा गाळते, ओलसर करते आणि कोमट करते.

पावलांचा आणि श्वासाचा मेळ ही खरी गोष्ट आहे. ब्रँबल आणि कॅरियर या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले की चार पायांचे प्राणी दौडताना प्रत्येक झेपेला एक श्वास घेतात, माणूस मात्र अनेक प्रमाणे वापरू शकतो आणि त्यांत दोन ढांगांना एक श्वास हे प्रमाण सर्वांत जास्त आढळते. एक ढांग म्हणजे दोन पावले. तेव्हा दोन पावलांत श्वास आत आणि दोन पावलांत बाहेर, असे साधारण धरा. हळू धावताना तीन आणि तीनही चालेल. मोजण्यात इतके गुंतू नका की खांदे कानांपर्यंत चढतील. श्वास घेताना पोट पुढे येते आहे ना, आणि सोडताना तो पुरता सोडला जातो आहे ना, एवढेच पाहा. धाप लागलेला माणूस सहसा अर्धवट श्वास सोडून घाईने पुढचा ओढतो आणि छाती भरलेलीच राहते.

प्रश्न : धावताना उजव्या कुशीत बरगडीखाली कळ येते. काय करावे?

उत्तर : भाकरी आणि शेंगाचटणीचे पोटभर जेवण आणि धावणे यांत किमान दोन-तीन तास जाऊ द्या, निघताना तांब्याभर पाणी एकदम पिऊ नका आणि पहिली दहा मिनिटे चालण्यात घालवा. कळ आलीच तर वेग कमी करून, दुखऱ्या जागी हाताने दाबत, सावकाश लांब श्वास सोडा. नवख्यांना ती अधिक येते आणि सरावाने कमी होते.

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातील असून पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे १६०० मीटर पूर्ण ताकदीने वेळ लावून पळतो, पण दोन महिन्यांपासून वेळ एका ठिकाणी अडकली आहे. शेवटच्या चारशे मीटरला दम पूर्ण संपतो. स्टॅमिना कसा वाढवावा?

उत्तर : तुम्ही दोन महिने रोज परीक्षा देत आहात, अभ्यासाला मात्र एकही दिवस ठेवलेला नाही. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावायचे असते आणि ही अंतरे लहान दिसत असल्यामुळे सगळा भर वेगावर दिला जातो. प्रत्यक्षात पाच-सहा मिनिटांच्या धावण्यात लागणाऱ्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग ऑक्सिजनच्या साहाय्यानेच तयार होतो. तो पाया हळू आणि लांब धावण्याने रचला जातो. मुलांना उलटी होईपर्यंत पळवणे म्हणजे तयारी, अशी जी समजूत काही मैदानांवर रुजली आहे, तिचे समर्थन मला करता येत नाही.

आठवड्यातील तीन-चार दिवस तीस ते चाळीस मिनिटे, गप्पा मारता येतील अशा वेगाने धावा. एक दिवस ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या ठरलेल्या वेगाने मारा आणि प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन मिनिटे चाला. आणखी एक दिवस १०० मीटरच्या वेगवान धावा आणि व्यायाम ठेवा, एक दिवस पूर्ण विश्रांती. वेळ लावून १६०० मीटर धावणे तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. डांबरी रस्त्यापेक्षा बांधालगतची मऊ, सपाट पायवाट किंवा शाळेचे मातीचे मैदान नडग्यांना मानवते.

शेवटच्या चारशे मीटरचे दुखणे बहुधा पहिल्या चारशेत असते. ५ मिनिटे २० सेकंद हे लक्ष्य असेल तर प्रत्येक ४०० मीटरला ८० सेकंद येतात. उत्साहाच्या भरात पहिली फेरी ७० सेकंदांत मारली, तर वाचवलेल्या दहा सेकंदांच्या बदल्यात शेवटच्या फेरीत वीस जातात. पहिली फेरी मनाला संथ वाटेल अशी धावायला शिका. भरतीच्या दिवशी सगळे सुसाट सुटत असताना स्वतःला आवरणे फार कठीण असते, म्हणून त्याचा सराव आतापासून हवा.

प्रश्न : मी ४१ वर्षांची शिक्षिका आहे. मैत्रिणींबरोबर होम मैदानावर चालणे आणि थोडे धावणे सुरू केले. दोन महिने नियमित करूनही माझा दम वाढत नाही. आता तर शाळेचा जिना चढतानाही धडधडते आणि दिवसभर थकवा राहतो. वय झाले म्हणावे का?

उत्तर : ४१ हे थांबण्याचे वय नाही. हळू धावूनही दोन महिन्यांत काहीच फरक पडत नसेल आणि जिन्यावरही धडधडत असेल, तर सराव वाढवण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल तर हृदयाला तेवढ्याच कामासाठी अधिक धावपळ करावी लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गर्भवती नसलेल्या स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय मानतात. हिमोग्लोबिनबरोबर शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची आणि थायरॉइडची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा, आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही संकोच न करता सांगा. लोहाच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. जेवणाला लागून चहा पिण्याची आपली सवय लोहाचे शोषण कमी करते. चहा तासभर पुढे ढकला आणि पालेभाजीवर लिंबू पिळा. तपासणी होईपर्यंत धावणे थांबवून केवळ सहज जमेल तेवढे चाला. छातीत दडपण, पायांवर सूज किंवा आडवे झाल्यावर गुदमरणे यांपैकी काही असेल, तर मात्र वाट पाहू नका.

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात काम करतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. धावून दम वाढवला तर हे जाईल का?

उत्तर : नाही. सुताच्या धुळीमुळे श्वासनलिका आवळण्याचा एक ओळखीचा व्यावसायिक आजार आहे आणि आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची जुनी खूण आहे. तो सूतगिरणीत, विशेषतः कापूस पिंजण्या-विंचरण्याच्या खात्यात अधिक आढळतो. मागावर कमी, पण आढळतो. छातीविकारतज्ज्ञांकडे जाऊन फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या आणि कोणत्या दिवशी त्रास वाढतो हे त्यांना सांगा. धावणे थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला किंवा घरघर सुरू होत असेल, तर तेही सांगा. तो दम्याचा प्रकार असू शकतो आणि योग्य औषध घेऊन अशी माणसे उत्तम धावतात. विडी किंवा सिगारेट ओढत असाल तर आधी ती सोडा, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो आणि सुताची धूळ व धूर मिळून श्वासनलिकांना अधिक इजा करतात.

प्रश्न : जानेवारीत मी अर्धा तास सलग धावत होतो. आता एप्रिलमध्ये पंधरा मिनिटांतच दमतो. कमावलेला दम गेला का?

उत्तर : दम गेलेला नाही, ऊन आले आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हे तुम्हाला सांगायला नको. उष्णतेत शरीर गार ठेवण्यासाठी बरेचसे रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्तातील द्रव घटतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. शरीर उष्णतेला साधारण दहा ते चौदा दिवसांत जुळवून घेते. त्या काळात वेळ निम्मी आणि वेग आणखी कमी ठेवा. मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडते, तेव्हा तोवर निम्मे धावून झालेले असावे. संध्याकाळी डांबर आणि भिंती बराच वेळ तापलेल्या असतात, म्हणून पहाटच बरी. तासाभराच्या आतल्या धावण्याला तहान लागेल तसे साधे पाणी पुरते. त्याहून जास्त वेळ घाम गाळायचा असेल तर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घ्यावे. उन्हात अंगावर काटा येणे, गरगरणे किंवा मळमळणे जाणवले की त्या दिवशीचे धावणे तेथेच थांबवून सावली गाठा. सोबत्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर त्याला पाणी पाजत बसू नका. अंगावर पाणी ओतून वारा घालत त्याला तातडीने रुग्णालयात न्या.